साहेब त्या दिवशी हापिसातच होते

माय, तू मला फसवलंस. तुला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मला हे कळलं गेल्या महिन्यात, तेही अशा माणसाच्या तोंडून ज्याच्यापुढे बसताना माझीच मला किळस येत होती. आक्का जमिनीतला वाटा मला सोडून देणार होती त्या हक्कसोडीच्या दिवशी तू सकाळीच रजिस्ट्री ऑफिसातलं झाडून, पाणी भरून परत आलीस आणि दारात चपला काढता काढता म्हणालीस की साहेब नाहीत, परभणीला मिटिंगला गेलेत. साहेब कुठेही गेले नव्हते. ते आपल्या खुर्चीत बसून होते आणि त्यांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या तूच ठेवून आली होतीस. आज एकोणीस वर्षांनी मी तुला जाब विचारायला बसलोय. तुला अक्षरओळख नव्हती, म्हणजे हे पत्र तू जिवंत असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं. पण कुठेतरी ओकल्याशिवाय हे पोटातून जाणार नाही.

आधी माझं सध्याचं सांगतो. आपल्या साडेतीन एकरातली दोन एकर नव्या मोठ्या रस्त्यात गेली. बाप ज्या तुकड्याला शेत म्हणायचा आणि तू ज्याला खडक म्हणायचीस, त्या खडकाला सरकारने असा भाव दिला की गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. मावेजा जाहीर झाला, हातात अजून एक रुपया आला नव्हता, आणि मी परभणीच्या घरावर वरचा मजला चढवायला काढला. येणारच आहे पैसा, म्हणालो. आक्काने हरकत घेतली. मग वाटणीचा दावा लावला. मावेजा कोर्टात जाऊन बसला आणि माझा स्लॅब तोवर पडून गेला होता. मग शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढलं, ते भागवायला भिशीतून उचल घेतली, भिशी चुकू नये म्हणून मोबाईलवरच्या दोन अ‍ॅपवाल्यांकडून घेतलं, आणि वकिलाच्या फीसाठी तुझ्या सुनेच्या गळ्यातलं गहाण टाकलं. बहिणीशी भांडायला बायकोचं सोनं.

अ‍ॅपवाल्याचा माणूस एक दिवस थेट मुख्याध्यापकांनाच फोन करून मोकळा झाला. मी तेव्हा सातवीला सरळव्याज शिकवत होतो, हसू नकोस. शिपाई बोलवायला आला. मुख्याध्यापक दार लोटून घेत म्हणाले, "सर, तुमचं तुमी बघा, पण शाळेच्या फोनवर असल्या शिव्या येऊ देऊ नका." त्या माणसाने मला काय काय म्हटलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी वर्गात परत आलो आणि फळ्यावरचं गणित पुढे सोडवलं. माणसाला सवय होते, आणि मला त्या सवयीचाच जास्त तिटकारा आला.

मला एकच मोठं कर्ज हवं होतं, ज्यातून ही सगळी बारकी कर्जं मिटतील आणि महिन्याला एकच हप्ता राहील. पाच जणांच्या शिव्या खाण्यापेक्षा एकाच्या खायची ती सोय. आधी बँकेत गेलो. समोर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी होती. तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि हळूच विचारलं, "सर, हे सगळं तुमचंच आहे का?" खाली खाली सरकत जाणारी ती यादी मी पाहिली आणि मान हलवली. कर्ज कशासाठी, म्हणाली. मी म्हणालो, कोर्टाचं काम चालू आहे. कुणाशी, म्हणाली. मी म्हणालो, भाऊबंदकी. बहीण हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. ती बिचारी म्हणाली की चालू केस म्हटलं की वरचे लोक फाईल परत पाठवतात. मग पतसंस्थेत गेलो. तिथे दोन जामीनदार लागतात. ज्याला मी दोनदा जामीन राहिलो तो सर, मी विषय काढताच अर्धा डबा टाकून हात धुवायला म्हणून गेला, तो तासाची घंटा होईपर्यंत परत आला नाही.

शेवटी कुणीतरी सांगितलं की स्टेशनरोडला जिन्याखाली एक गाळा आहे, तिथला माणूस कुणाचीही फाईल बसवून देतो. गेलो तर तो आपला स्टँपवाला. जिंतूरला रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर लिंबाखाली टेबल टाकून स्टँप विकायचा, तू ज्याला रोज सकाळी शिळ्या चहाची किटली आपटून उठवायचीस, तोच. आता स्टँपात काही राहिलं नाही म्हणून कर्जाच्या फायली करतो. तोंडात तोबरा, बोट जिभेला लावून कागद उलटणार, आणि तेच ओलं बोट माझ्या पगारपत्रकावर. अर्जातल्या कारणाच्या रकान्याशी येऊन तो थांबला.

"लग्न लिवतो, सर."

"कुणाचं?"

"पोरगी हाय का न्हाई तुमाला?"

"अकरावीला आहे."

"मग झालं की. कागदावर लग्न लावायलोय, खरंच थोडंच लावायलोय? कोर्टकचेरी लिवलं की बँक भेती. पोरीच्या लग्नाला कोणी न्हाई म्हणत न्हाई."

त्याने लिहिलं आणि मी खाली सही केली. आपल्या बहिणीला वाटा द्यावा लागू नये म्हणून आपल्या पोरीचं खोटं लग्न लावणारा मास्तर. याच तोंडाने मी दर चौदा एप्रिलला जयंतीच्या मंचावर उभा राहतो. पोरींना बापाच्या मालमत्तेत हिस्सा मिळावा म्हणून आपल्या माणसांनी केवढं सोसलं, ते घसा ताणून सांगतो. समोरच्या बाया टाळ्या वाजवतात, त्यातल्या निम्म्या बायांनी भावांना सह्या देऊन टाकलेल्या असतात. मला ते माहीत असतं. यंदाही बोललो. पत्रिकेत माझं नाव होतं.

त्या ओल्या बोटाकडे बघत असताना मला तुझं ऑफिस आठवलं. मी डी.एड.ला होतो, सुट्टीत तुझा डबा घेऊन सायकलवर यायचो. तू झाडून काढलेलं असायचं, रांजण भरलेला असायचा, आणि भिंतीलगतच्या बाकड्यावर भावांच्या शेजारी हक्कसोडीला आलेल्या बहिणी बसलेल्या असायच्या. प्रत्येकीच्या अंगावर भावाने आणलेली कोरी साडी, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नसायच्या. भाऊ कागद नीट वाचल्यासारखा करायचा आणि बहीण दाराबाहेर बघायची. संध्याकाळी भाकरी थापताना तू सांगायचीस, "आज चार साड्या सुटल्या." बहिणी असं तू कधी म्हणाली नाहीस, साड्याच म्हणायचीस. पीठ मळल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारायचीस आणि दुसऱ्या विषयाला लागायचीस. मला वाटायचं, तुला त्याचं काही नाही, ऑफिसातल्या माणसाला असते तशी तुझी नजर मेलेली आहे.

मग तो दिवस. एका बाईने अंगठा दिला आणि शाई पुसायला दुसरं काही मिळेना म्हणून नव्या साडीच्याच पदराला पुसला. पदरावर निळा डाग पडला. तो बघून ती रडायला लागली आणि मला हसू आलं. तू हातातला तांब्या खाली ठेवलास आणि सगळ्या ऑफिसासमोर मला म्हणालीस, "हसायला काय झालं रे तुला? साडीसाठी रडायली वाटतंय का ती? भावानं गाडीवर बसवून आणलंय तिला. आता जाताना बघ, यष्टीनं जाती का न्हाई." मी खाली मान घालून बाहेर आलो आणि मुद्दाम उभा राहिलो. भाऊ गाडीला किक मारून कागद खिशात घालून निघून गेला. ती बाई स्टँपवाल्याला विचारत होती की स्टँडला कोणत्या बाजूने जायचं. मी ते पाहिलं. आणि चार-पाच वर्षांनी नोकरी लागल्यावर पहिलं मोठं काम काय केलं, तर आक्कासाठी साडी आणली.

कुणीतरी स्टाफरूममध्ये सांगितलं होतं की बहिणीची सही वेळेत घ्या, मेहुणे शहाणे झाले की अवघड जातं. बाप जाऊन वर्ष झालं होतं, सातबाऱ्यावर आपल्या तिघांची नावं चढली होती. आक्का मानवतकडून सकाळच्या गाडीने आली, कडेवर लेकरू. साडी उलगडून तिने गालाला लावली आणि म्हणाली, "येवढी महागाची कशाला आणायची रं?" महागाची नव्हती, माय. तू काठ चिमटीत धरून पाहिलास. आदल्या दिवशी मी मटणाला पैसे देऊन ठेवले होते, तर तू चुलीवर पिठलं टाकलं होतंस. मला राग आला. बहीण सही द्यायला आलीय, जेवण तरी धड करायचं. मग तू ऑफिसला झाडून यायला म्हणून गेलीस आणि तासाभरात परत येऊन ते साहेबांचं सांगितलंस. आक्का म्हणाली, "मग मी येते की पुन्ना मंगळवारी." तर तू तिच्यावर खेकसलीस. "काय गरज न्हाई लेकराला घेऊन हेलपाटे घालायची. घरचंच हाय. नोटरी करा, पुरं." मी आतून खूश झालो. एक रजा वाचली, रजिस्ट्रीचा खर्च वाचला. ऑफिसच्या बाहेरच नोटरीपुढे आक्काने सही केली, तू शेजारी उभी होतीस. आत डोकावून बघावं असं माझ्या मनातही आलं नाही, तू सांगितलंस म्हणजे झालं.

तेव्हापासून तो नोटरीचा कागद मी पत्र्याच्या पेटीत सोन्यासारखा जपला. दाव्यात माझी सगळी मदार त्याच्यावर होती. माझ्या वकिलाने आक्काला पिंजऱ्यात उभं करून विचारलं की सही केली तेव्हा आई हजर होती का, आईची संमती होती का. आक्काचे केस पांढरे झालेत आता, मेहुणे गेल्यापासून ती बारीकही लय झालीय. तिने कठडा धरला आणि म्हणाली, "माय माझ्या शेजारी हुबी होती. तिनं एका शब्दानं अडवलं न्हाई. दोन लेकरं होती तिला, पण त्या दिवशी मला कळलं, तिला एकच हाय." वकील माझ्याकडे वळून हसला, संमती शाबीत झाली म्हणून. मीही हसलो. तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती मागच्या रांगेत बसून, जेवायला न थांबता निघून गेली होती, ते का, हे मला तेव्हा कळलं आणि मी ते लगेच बाजूला सारलं. निकाल तिच्या बाजूने लागला. जजने लिहिलं की हक्कसोड रजिस्टर झालेली नाही, सबब तिला किंमत नाही, दोघांना निम्मं निम्मं.

तर स्टँपवाल्याने माझी फाईल बांधली, तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात केला आणि म्हणाला, "तुमी पाणीवाल्या बाईचे चिरंजीव ना? मघापासून बघायलोय." मग त्याने ते गंमत म्हणून सांगितलं. "तुमच्या नोटरीचा स्टँप माझ्याकडूनच गेला. मी बाईला म्हणलो, साहेब तर आत बसलेत, रजिस्ट्रीच करून टाका की. तर माझ्यावर डोळे काढले. म्हणली, तू तुझा स्टँप इक. आतल्या बुकात चढलं की पोरीचं कायमचं गेलं. ह्या बाहेरच्या कागदाला उद्या कुत्रं पुसणार न्हाई, मला काय कळत न्हाई व्हय? लय हुशार बाई, सर. वीस वर्षं पाणी भरलं तिनं तिथं."

आधी मला तुझा राग आला, तो इतका की गाळ्याबाहेर येऊन मी रस्त्यात उभा राहून तुला शिवी दिली. पोटच्या पोराला, ज्याच्या नोकरीचे पेढे तू ऑफिसभर वाटलेस, त्याला तू त्याच ऑफिसच्या दारात उल्लू बनवलंस. मला अडवायचं होतं तर तोंडावर अडवायचं. पण तू म्हातारपणी माझ्याच घरात राहणार होतीस, माझ्याच ताटातलं खाणार होतीस, हेही तूच ओळखलं असशील. तोंडावर बोलली असतीस तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी अबोला धरला असता आणि आठ दिवसांनी आक्काला गाडीवर बसवून साहेबांपुढे नेलं असतं.

पुढचं सांगायची लाज वाटते. मी परत गाळ्यात गेलो आणि त्याला विचारलं, हे कोर्टात सांगाल का? माझ्या डोक्यात आलं होतं की आईनेच फसवल्यामुळे रजिस्ट्री राहिली, असं अपिलात मांडता येईल. तो म्हणाला, "सांगतो की. साक्षीचं येगळं लागंल." आणि माय, मी घासाघीस केली. तुला मेल्यावर लबाड ठरवायचा भाव मी त्या पिचकारीच्या डागांत उभा राहून कमी करून घेतला. तिथून तसाच वकिलाकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि चष्मा काढून हसला. "सर, रजिस्ट्री का झाली नाही याच्याशी कोर्टाला घेणंदेणं नाही. झाली नाही, विषय संपला. ही बाई तेव्हा खोटं बोलली हे शाबीत केलं तरी तुमचा फायदा नाही आणि तुमच्या बहिणीला त्याची गरज नाही." ही बाई म्हणजे तू.

कर्ज मंजूर झालं. पोरीच्या लग्नाला खरंच कोणी नाही म्हणालं नाही. भिशी मिटली, पतसंस्था मिटली, अ‍ॅपवाले गेले, शाळेतला फोन शांत झाला. सोनं सोडवून आणलं तर तुझ्या सुनेने ते गळ्यात घातलं नाही, कपाटात ठेवून दिलं. म्हणाली, "राहू द्या, पुन्ना काढाय बरं." जे थोडे पैसे उरले होते त्यात मी काय केलं असेल, तर अपिलाची फी भरली. वकील स्वतः सांगतो की जमणार नाही, फार तर दोन वर्षं लांबेल. मग का भरली, असं बायकोने विचारलं. मी म्हणालो, आता माघार घेतली तर आजवर घातलेलं सगळं वाया जाईल. आमच्या पोरीने अर्जातलं ते कारण कुठे वाचलं कोण जाणे, दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला लागली, पण कामापुरतं.

हे पत्र कुणाला देण्यासारखं नाही आणि फाडून टाकावं एवढीही हिंमत नाही. खरं तर त्या दिवशीचं ऐकण्याचा हक्क एकट्या आक्काचा आहे. तिचा नंबर माझ्याकडे आहे. सांगायला दोन मिनिटं लागतील की आक्का, साहेब त्या दिवशी हापिसातच होते, मायनं तुझ्यासाठी मला खोटं सांगितलं. त्याने तिच्या केसला फरक पडत नाही, माझ्याही नाही, वकिलाने ते स्वच्छ सांगितलंय. तरी मी फोन लावलेला नाही. अपिलाचा निकाल लागू दे, मग सांगू, असं मी स्वतःला म्हणतो, पण ते खरं नाही. निम्मा मावेजा तर तिला मिळणारच आहे. तूही तिची होतीस हे तिला कळू न देणं एवढं एकच आता माझ्या हातात राहिलंय, आणि ते मला सोडवत नाही.